तिसरं घर

“इथलं न्हाणीघर निसरडं आहे,” आई म्हणाली आणि पहिला वृद्धाश्रम बाद झाला.

दुसऱ्या ठिकाणचा व्यवस्थापक गोडबोल्या होता. त्याने सगळी माहिती लेकीलाच दिली. ऐंशी उलटलेली आई शेजारीच उभी होती, पण म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतो! साठीला टेकलेली लेक शहाण्यासारखी मान डोलावत राहिली. आईने तेवढ्यात जेवणघरात डोकावून घेतलं. तिथे एक बाई एका आजींवर खेकसत होती, “मघाशीच सांगितलं ना? किती वेळा तेच!”

“चल इथून,” आई म्हणाली.

“अगं, छान आहे की. माझी स्थळं बघतानाही एवढ्या खोटी काढल्या नव्हत्यास!”

आई हसली, पण हसण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार दिवस थांबू नका. डॉक्टरांचं काय जातं सांगायला!

तिसऱ्या ठिकाणी आईने लेकीला बागेतल्या बाकावर बसवलं आणि धापा टाकत एकटीच आत गेली. तिथल्या बाई स्वतः एका आजोबांना भरवत होत्या.

“रात्री कुणी घाबरून उठलं तर?” आईने विचारलं.

“जवळ जाऊन बसतो.”

“तेच तेच विचारलं तर?”

“तेच तेच सांगतो. त्यात काय?”

आईचा जीव भांड्यात पडला. मग तिने दार लोटून घेतलं आणि बाईंशी बराच वेळ बोलली.

सोमवारी दोघी सामान घेऊन आल्या. बॅग लेकीने उचलली होती. खोली उजेडाची होती, पलंगही बेताच्या उंचीचा. आईने कपडे कपाटात लावले. एकेक घडी मोडून पुन्हा घातली. अशा वेळी हात लवकर आवरत नाहीत.

“करमेल ना गं तुला इथे?” लेकीचे डोळे भरून आले.

“करमेल.”

“मी येत जाईन भेटायला. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.”

“नाही घेणार.”

बाहेर जेवणाची घंटा झाली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“करमेल ना गं तुला इथे?” लेकीने विचारलं.

“करमेल, बाळा.”

बाईंनी लेकीचा हात हलकेच आपल्या हातात घेतला. आईने तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला, रिकामी बॅग उचलली आणि एकटीच फाटकाबाहेर पडली.