सवतीची शिदोरी

पंच्याहत्तर साली अकोल्याचे हौशी साहेब गळ घेऊन इंझोरीला येत आणि उकंडराव त्यांना अडाण नदीवरच्या आपल्या आवडत्या डोहावर नेई. घरी आला, की नदीचंच कौतुक. "अडाण मले लहानपणापासून ओळखते. मी नेलेला मानूस रिकाम्या हातानं गेलाच नाई कधी!"

"मंग तिच्याच घरी जेवाले जात जा," असं म्हणून बायको, लिलाबाई, ताट आपटायची. नदीला ती सवतच म्हणायची.

एका पहाटे धुणं घेऊन गेलेल्या शेजारच्या भागिरथाबाईला लिलाबाई त्याच डोहात भाकरीचा कुस्करा टाकताना दिसली. "काहून वं, सवतीले जेवू घालून राह्यली?"



"रोजच घालावं लागते, बाई. मासे गावले नाई, त दिवसभर तिच्यापाशीच बसतेत थे. लवकर गावले, का घरी येतेत."