पहिल्या पाळीचा भोंगा

आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचे सात ठिपके होते. पहिले चार एका रेषेत, मग प्रत्येक ठिपका एकेक घर खाली. शेवटचा तीनवर. म्हणजे काल रात्री उत्तम तीनच तास झोपला होता.

नलूने वही त्याच्याकडे वळवली. दर गुरुवारी ती करी रोडच्या या खोलीत यायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिलाही आवाज ऐकू आले होते. आता ती नव्याने आजारी पडलेल्यांना स्वतःवर लक्ष ठेवायला शिकवायची. नियम एकच, वहीत ज्याचं त्यानेच लिहायचं.

"खुणा तूच लिहिल्यायस," ती म्हणाली. "झोप चारच्या खाली. चहात काहीतरी घातलंय असं वाटणं. भोंगा ऐकू येणं. यातल्या किती दिसल्या?"

उत्तमने तीन बोटं वर केली.

"आणि ही ओळ?"

'खुणा दिसल्या तर घरात कोणाला सांगणार?' त्यापुढची जागा सहा आठवडे कोरी होती.

"उद्या दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर. पण रात्री मी इथे नसते रे."

"तुमच्या वहीत कोणाचं नाव आहे?"

"आईचं. दोन वर्षं कोरी ठेवली होती. दोनदा अ‍ॅडमिट झाले."

खिडकीशी उत्तमचे वडील, तात्या, दाढी करत होते. "भोंगा?" ते आरशातूनच म्हणाले. "अरे, मलापण येतो की ऐकू! बरोब्बर सातला, पहिल्या पाळीचा. गिरणी पाडून टॉवर चढवतायत, तरी कानातून जात नाही. पोरी, तू याला उगाच पेशंट करतेयस. गिरणगावचं रक्त आहे त्याचं!"

मागेही ते असंच म्हणाले होते, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. बापलेकांत तेव्हा पहिल्यांदाच काहीतरी सारखं निघालं होतं. उत्तम खूश झाला होता. दहाव्या दिवशी पहाटे तो त्या अर्धवट टॉवरच्या तेराव्या मजल्यावर सापडला. अनवाणी, हातात तात्यांचा गिरणीतला डबा.

उत्तमने पेन उचललं. टोक कागदावर टेकलं, पण पुढे सरकलं नाही. नलूने हात पुढे केला नाही.

तो उठून तात्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"तात्या, तुमचा भोंगा वाजतो आणि थांबतो ना?"

"थांबणारच. भोंगा तो."

"माझा थांबत नाही. माझं नाव घेतो. वर ये म्हणतो."

तात्यांचा वस्तरा फेसाळ गालावर तसाच राहिला. आरशातून ते पोराकडे बघत होते.

"नलूताई, माझ्याच्यानं लिहवत नाही," उत्तम म्हणाला. "पण सांगतो. आज रात्री त्याने बोलावलं, की मी तात्यांना उठवणार."