गॅलरीची काच

बायपास झाल्यापासून मी रोज सकाळी दहा वाजता बनियन काढून गॅलरीतल्या उन्हात पाठ शेकत बसत होतो. तरी तीन महिन्यांनी रिपोर्टात व्हिटॅमिन डी अकराच, आणि अंगातली सूज दाखवणारा आकडाही चढाच.

"गॅलरीची काच उघडी असते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायकोने सांगून टाकलं, "शेजारच्या घाटग्यांच्या विडीच्या धुरावरून भांडण झालं, तेव्हापासून सात वर्षं बंद आहे ती."

"काका, बंद काचेतून नुसती ऊब येते. डी हवं असेल तर काच उघडा."

दुसऱ्या दिवशी मी ती जाम झालेली काच चरफडत सरकवली. तिची करकर ऐकून शेजारचीही काच सरकली. उघडेबंब घाटगे बाहेर डोकावले.

"विडी नाही हं," ते घाईघाईने म्हणाले. "अँजिओप्लास्टीनंतर सुटली. मलाही काच उघडायला सांगितलीय. डी नऊवरच अडकलंय."

"नऊ? माझं अकरा आहे!"

सात वर्षांत पहिल्यांदाच मी घाटग्यांना वरचढ ठरलो होतो. इतकं बरं वाटलं, की आत ओरडूनच सांगितलं, "अगं, घाटग्यांचाही चहा टाक!"