रंगाचे दोन हात

"त्र्याऐंशी," कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बापाच्या धाकट्या भावाने मोठ्याने वाचला. "पंचाण्णवला बंद पडतो ना गं हा?"

"हो, काका," लेक म्हणाली. तिची नजर आकड्यावरून हलत नव्हती.

बाप सुकाणू धरून समोर बघत होता. त्याच्या मालकीची लाँच रिकामीच भर उन्हात चाचणीची फेरी मारत होती. पडद्यावर नकाशा, खाली पाण्याची खोली, सगळं कसं झकास. पण दोन तास कॉम्प्युटर चालला तरच तो लाँचवर राहणार होता. नाहीतर भाऊ उद्याच दुकानातून पंखेवाला मोठा डबा आणणार, असं तिघांत ठरलं होतं.

तसे दोन पंखेवाले आधी होऊन गेले होते. खारा वारा पंख्यात शिरतो आणि पंखाच खातो. म्हणून लेकीने दोन महिने खपून बिनपंख्याचा निवडला. त्याची पाठ ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटला घट्ट बसवायची, प्लेटच्या पट्ट्या केबिनच्या भिंतीबाहेर वाऱ्यावर. आतली उष्णता प्लेटमधून बाहेर जाईल. काम सोपं आणि तिच्या डोक्यातलं. बापाने ते अख्ख्या धक्क्याला ऐकवलं होतं. तिकीटवाल्याने तर विचारलंही नव्हतं, तरी त्याला दोनदा.

"पंखा नाही म्हणजे नाकच नाही," भाऊ म्हणाला. "श्वास कुठून घेणार? शहाऐंशी."

"माझंच गणित कुठेतरी चुकलं असेल," लेक हळूच म्हणाली.

बापाला ते झोंबलं. लेकीचं गणित चुकतं, हे त्याला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याने भावाला सुकाणू धरायला लावलं आणि कॉम्प्युटरला हात लावला. चटका बसला. मग हात लांब करून त्याने भिंतीतल्या प्लेटची कड चाचपली.

"प्लेट गार आहे," तो म्हणाला.

"बघ, निदान ती तरी गार आहे," भाऊ म्हणाला.

"गार कशी? ती तापायला हवी!" पस्तीस वर्षं इंजिनाशी संसार केलेला माणूस तो. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर गार, म्हणजे मध्ये काहीतरी अडलंय, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण मध्ये होतं काय? लेकीने दिलेलं, उष्णता पुढे नेणारं राखाडी मलम त्याने कॉम्प्युटर आणि प्लेटच्या मध्ये, तिने सांगितलं तसंच, पातळ फासलं होतं. पहाटे उठून, लेक यायच्या आत, चारही बोल्ट स्वतः आवळले होते. तिला चकित करायचं होतं. आणि त्याच्या आदल्या दिवशी...

त्याचा चेहराच उतरला.

बोटीवर उघडा पत्रा ठेवतो तो आळशी, हे त्याचं नेहमीचं बोलणं. लेकीने घासून लख्ख केलेली ती प्लेट त्याला उघडी पाहवली नव्हती. घरी नेऊन त्याने तिला रंगाचे दोन हात दिले होते. चांगले जाड, उष्णता अडायला पुरेसे. तेही चंदेरी, शोभून दिसावी म्हणून.

गप्प बसता आलं असतं. लेकीने स्वतःच चूक पदरात घेतली होती. भाऊ डबा आणायला मोकळा झाला असता आणि बापाचं पितळ कायमचं झाकलं गेलं असतं.

"बंद कर तो," बाप म्हणाला. "तुझं काही चुकलेलं नाही. मी प्लेटला रंग लावलाय."

"कुठे?"

"सगळीकडे."

लेक त्याच्याकडे वळली. "पाठीमागे पण, बाबा? जिथे कॉम्प्युटर टेकतो तिथे?"

"तिथे तर नीट लावलाय."

भाऊ इतका हसला की लाँच जराशी वाकडी गेली. लेकही हसली, पण तोंड फिरवून. बापाने पाना घेतला, बोल्ट सोडले, खाली बसून प्लेट मांडीवर घेतली. लेकीने पुढे केलेला हात त्याने बाजूला सारला. आपलाच रंग तो आधी पात्याने, मग पॉलिश पेपरने खरवडत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बोटीवरचा रंग काढत होता. खालचा धातू चमकला तेव्हा त्याने तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा मलम फासलं आणि बोल्ट आवळले.

"वेळ पुन्हा पहिल्यापासून हं, दादा," भावाने बजावलं.

"लाव पहिल्यापासून!"

दोन तासांनी आकडा एकसष्टवर होता. गेला पाऊण तास तो तिथून हलला नव्हता. बापाने भावाचा हात धरला आणि प्लेटवर दाबला. भाऊ ओरडून मागे सरला.

"तापली की नाही?" बापाची छाती शर्टात मावत नव्हती. "माझ्या लेकीची निवड आहे ती!"

धक्क्याला लागल्यावर त्याने पेटीतून लाल रंगाचा डबा काढला. ते पाहून लेक धावतच आली. पण बाप प्लेटपासून वीतभर दूर, लाकडावर, जीभ दातांत धरून अक्षरं काढत होता.

"येथे कोणीही रंग लावू नये."

थोडं मागे होऊन त्याने वाचलं. मग पुन्हा ब्रश बुडवून खाली आणखी एक ओळ घातली.

"मालकाने तर नाहीच."