गाडीमागचं पाणी

"पाणी ओतल्याशिवाय मी इथून हलणार नाही," नियाझी कप्तान म्हणाला आणि गाडीचं उघडं दार त्यानं घट्ट धरून ठेवलं.

त्याचा मुलगा तुंजाय स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. उन्हं चढायच्या आत घाट ओलांडायला हवा, असं त्यानं सांगून झालं होतं. म्हातारा ढिम्म. जन्मभर त्यानं तुर्कस्तानातल्या दालयान गावच्या नदीत पर्यटकांची बोट चालवली. लोकांना कड्यात कोरलेल्या थडग्यांखालून नेलं, कासवांच्या किनाऱ्यावर उतरवलं, गरम झऱ्याच्या चिखलात लोळवलं आणि संध्याकाळी धुऊनपुसून परत आणलं. रोज सकाळी तो निघाला की त्याची बायको मकबुले मागून तांब्याभर पाणी ओतायची. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या, म्हणायची. आणि वादळ असो, काही असो, तो परत यायचा.

मकबुले गेली आणि तांब्या सुनेच्या हातात आला. सेव्हिलला बाकी कशाचा उरक नव्हता, पण हा नेम तिनं कधी चुकवला नाही. घराच्या वरच्या खोल्यांत उतरलेला पाहुणा निघाला की ती फाटकात उभी राहून त्याच्या गाडीमागे पाणी ओतायची. पाहुणे पुढच्या उन्हाळ्यात हटकून परत यायचे. जर्मनीच्या उर्सुलाबाई तर दरवर्षी येत आणि श्रेय त्या तांब्याला देत. खालची नदीकडची खोली मिळावी, एवढंच त्यांचं एक मागणं असे. ती खोली कप्तानाची. तो दरवर्षी हसून नाही म्हणायचा.

आज मात्र सेव्हिल फाटकात रिकाम्या हातांनी उभी होती.

कप्तानाला गेला आठवडाभर काहीतरी खुपत होतं. गुडघ्यांसाठी त्याला म्हणे अफ्योनला नेणार होते, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. अरे, अख्ख्या युरोपचे गुडघे मी आपल्या झऱ्यात बुडवून आणले, आणि माझ्या गुडघ्यांना परगावचं पाणी का, असं तो विचारायचा. तिथलं पाणी जास्त औषधी आहे, थोड्या दिवसांत परत आणतो, असं तुंजाय सांगायचा. मग ऐन जूनमध्ये बॅगेत लोकरीचे स्वेटर कशाला? आणि त्या खोलीच्या किल्लीची एवढी घाई कसली? झाडून ठेवतो म्हणत दोघं सकाळपासून मागे लागले होते. त्याच खोलीत, त्याच खिडकीशी मकबुलेनं डोळे मिटले होते. आपलेही तिथेच मिटावेत, याखेरीज कप्तानाला आता काही नको होतं. त्यानं किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि मनाशी ठरवलं. मागे पाणी पडलं तर किल्ली देऊन टाकायची. नाही पडलं तर मेलो तरी द्यायची नाही. किल्ली खिशात असेपर्यंत खोली आपली.

"सेव्हिल, पोरी, तांब्या कुठंय?"

"नळाला पाणी नाही आज, बाबा."

तिच्या मागे अंगणात लिंबाच्या झाडाला पाइप लावलेला होता. आळं भरून पाणी पायवाटेवर आलं होतं. कप्तानानं ते पाहिलं. मग त्यानं गाडीचं दार ओढून घेतलं आणि किल्लीच्या खिशावर हात दाबून धरला. तुंजायनं गाडी सुरू केली.

यंदाही वरच्या खोलीत उतरलेल्या उर्सुलाबाई नाश्ता टाकून जिन्यावरून धावत आल्या. कप्तान निघाला आणि मागे पाणी नाही, हे त्यांना सहनच होईना. त्यांनी ओट्यावरचा तांब्या उचलला, पाइपाखाली धरून भरला आणि रस्त्यावर आल्या. पाणी ओतणार, तोच सेव्हिलनं त्यांच्या हातातला तांब्या धरला.

"ओतू नका, उर्सुलाबाई."

का, असं बाईंनी मोडक्यातोडक्या तुर्कीत विचारलं. कप्तान परत यायला नको का?

"ते वृद्धाश्रमात चाललेत," सेव्हिल शांतपणे म्हणाली. "पाणी ओतलं आणि आले परत, तर काय करायचं? उद्यापासून नदीकडची खोली तुम्हाला दिलीय. तुम्हालाच हवी होती ना?"

उर्सुलाबाईंनी एकदा दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं आणि एकदा त्या खिडकीकडे. मग त्यांनी तांब्या सोडून दिला. एकट्या सेव्हिलला तो सावरला नाही. तो रस्त्यावर आपटला आणि पाणी सांडलं.

कोपऱ्यावर वळताना कप्तानानं गाडीच्या आरशात पाहिलं. एकाच तांब्याला दोघींचे हात आणि मग रस्त्यावर उन्हात चमकणारं पाणी. त्याचे डोळे भरून आले. आपण सुनेवर उगीच संशय घेतला, याची त्याला लाज वाटली.

"बघितलंस का, दोघी भांडत होत्या पाणी ओतायला," तो म्हणाला. कप्तानानं आतल्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून मुलाच्या तळहातावर ठेवली.

"सेव्हिलला सांग, खिडकी उघडून ठेव. खोलीला जरा हवा लागू दे, तोवर मी आलोच."