पुठ्ठ्यावरची अक्षरं

चिखलीच्या टायपिंग क्लासात टायपरायटर तासभरच मिळायचा, म्हणून सहदेवनं अमडापूरच्या घरी पुठ्ठ्यावर कोळशानं इंग्रजी अक्षरं काढली आणि दोन वर्षं त्यावरच बोटं बडवली. अक्षरं पुसट झाली की त्याची निरक्षर माय ती गिरवून द्यायची. सरकारी नोकरीचं वय उलटायला महिना उरला असताना बुलढाण्याहून परीक्षेचं बोलावणं आलं. तिथं टायपरायटरवर मराठी अक्षरं बघून त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. "साहेब, मी इंग्रजी टायपिंग शिकलो." साहेब हसले. "महाराष्ट्राचा कारभार आता मराठीत. आपलीच भाषा, करा सुरू." शेजारच्यांची बोटं धावू लागली; सहदेवला दहा मिनिटांत ओळही जमेना. संध्याकाळी माय दारातच अक्षरं गिरवत बसली होती. "परीक्षा मराठीत घेतली, माय," तो कसाबसा म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला. "मंग काय! मराठी त तुले जन्मापासूनच येते!"