पेरूवरचा पतंग

दिवाकर सरांनी दुर्गाच्या कीटकांच्या पेटीतल्या एका लेबलवर लाल काट मारली. लेबलवर तिने ‘मादी’ असं लिहिलं होतं. वर टाचणीला एक राखाडी, फुगीर जीव होता. पंख नव्हते.

“ही अळी आहे. पतंगाला पंख असतात.”

दुर्गाने पुन्हा सगळं सांगितलं. कॉलेजच्या बागेत पेरूची पानं खाणाऱ्या केसाळ अळ्या तिने बरणीत वाढवल्या होत्या. सगळ्या एकाच फांदीवरच्या. होळीच्या आठवड्यात कोष फुटले. काहींतून तपकिरी पतंग उडाले, तर काहींतून हे असले जीव निघून कोषावरच बसून राहिले. ते नर, या माद्या.

सरांना ते पटेना. दोन जातींच्या अळ्या मिसळल्या असतील, म्हणाले. पेटी उद्या सकाळी परीक्षकांकडे जायची होती. लेबल बदलून टाक, म्हणाले.

“सर, एक आज सकाळीच निघाली आहे. जिंदा आहे,” दुर्गा म्हणाली. “शामपर्यंत रुकाल? मादी असेल तर तिच्या वासावर नर येतील.”

सर थांबले. दुर्गाची घरी, महूला जायची बस गेली.

जाळीच्या डब्यात कोष, कोषावर ती. डबा प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला. ऊन बागेतून निघून गेलं. काहीच झालं नाही. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मग एक तपकिरी पतंग आला आणि जाळीवर आपटला. इत्तफाक असेल, सर म्हणाले. तेवढ्यात दुसरा आला, वाऱ्याच्या उलट्या दिशेने, थेट पेरूंकडून. मग एकदम तीन. वारा वाढला, खिडकीचं दार आपटणार तोच सरांनी ते हाताने धरलं.

दुर्गाने बोटभर झाकण उघडलं. एक पतंग आत शिरला, कोषावर चढला आणि त्या राखाडी जीवाला चिकटून स्थिर झाला. दुर्गाला हसूही येत होतं, रडूही.

“अगं,” सर तिला समजावून सांगितल्यासारखे म्हणाले, “ही तर मादी आहे.”

“हो सर.”

अंधारायला लागलं. चपराशी कुलूप घेऊन आला. सरांनी मानेनेच त्याला परत पाठवलं.

“सर, आता दार सोडा. हात दुखेल.”

“थांब,” सर बागेकडे बघत कुजबुजले. “अजून एक येतोय.”